पाळणा आणि पालिका

माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर मला पहिली मुलगी झाली. त्याच वर्षी वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या जाऊबाईंना मुलगा झाला. बाळंतपणानंतर दोन-अडीच महिन्यांनी जाऊबाईंच्या दारात उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. बाळाच्या लसीची तारीख सांगितली, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाल्या, "दुसरं एवढ्यात नको असंल तर तांबी बसवून घे. नायतर गोळ्या देते." मी सांगली शहरात राहत होते. डॉक्टरांच्या पाट्या मोजायच्या म्हटल्या तर आमच्या एका रस्त्यावर डझनभर निघाल्या असत्या. पण माझ्या दारात कोणी आले नाही. जिथे बाळंतपण झाले त्या दवाखान्यात मीच विषय काढला, तेव्हा "दुसऱ्या वेळी ऑपरेशन करून टाकू" एवढेच उत्तर मिळाले. मधल्या तीन-चार वर्षांचे काय, हे सांगायला कोणाला वेळ नव्हता.

खेड्यातल्या जावेला जे घरबसल्या मिळाले ते शहरातल्या मला विचारूनही का मिळाले नाही, हा प्रश्न तेव्हा मी चिडून स्वतःलाच विचारला होता. पुढे या विषयाचे वाचन करताना कळले की हा एका दवाखान्याचा दोष नव्हता. त्याचे उत्तर आपल्या शासनयंत्रणेच्या रचनेत आणि इतिहासात आहे. कुटुंब नियोजनाची शहरी सेवा वाढवायची आणि टिकवायची तर हे उत्तर आधी समजून घ्यावे लागते.

दोन याद्या

१९९२ साली संसदेने ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती केली. पहिली पंचायतींसाठी, दुसरी नगरपालिकांसाठी. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची यादी अकराव्या अनुसूचीत आहे, तर नगरपालिकांसाठीच्या १८ विषयांची बाराव्या अनुसूचीत. या दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. पंचायतींच्या यादीत 'कुटुंब कल्याण' हा स्वतंत्र विषय आहे. नगरपालिकांच्या यादीत तो नाही. तिथे सार्वजनिक आरोग्य आहे, पण ते स्वच्छता आणि घनकचऱ्याच्या जोडीने. जन्म-मृत्यूची नोंदणी मात्र आहे. म्हणजे शहरात मूल जन्मले की त्याची नोंद ठेवणे हे पालिकेचे काम; ते केव्हा जन्मावे हे ठरवताना त्याच्या आईला मदत करणे, हे काम कोणाचे ते यादी सांगत नाही.

याचा अर्थ पालिकेला मनाई आहे असा नाही. लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंब नियोजन हा विषय १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला, त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघेही त्यात कायदा करू शकतात. पैसा केंद्राचा, कार्यक्रम राज्याचा आणि पालिका फार तर जागा देणारी, अशी वाटणी त्यातून रूढ झाली. जे काम नावानिशी आपले नाही, त्यासाठी कोणतीही सर्वसाधारण सभा अंदाजपत्रकात रक्कम धरायला धावत नाही.

ग्रामीण भागात गोष्ट वेगळी होती. साधारण ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रात आरोग्यसेविका, आणि त्या सर्वांवर जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग. ही उतरंड कागदावर आहे तशीच प्रत्यक्षात सगळीकडे चालली असे नाही. पण ती होती. जाऊबाईंच्या दारात आलेल्या नर्सबाई या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवरून आल्या होत्या. शहरात मोठी रुग्णालये होती. मिरजेला तर १८९४पासून मिशन हॉस्पिटल आहे. पण रुग्णालय आजारी माणसाची वाट पाहते, आणि जिला पाळणा लांबवायचा आहे ती बाई आजारी नसते. तिच्यापर्यंत कोणीतरी जावे लागते. शहरात ही शेवटची पायरीच बांधलेली नव्हती.

सुरुवात शहरातच झाली होती

गंमत अशी की या चळवळीचा जन्म शहरातला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. कर्व्यांना या कामापायी प्राध्यापकी गमवावी लागली. १९२७पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९३८ साली संततिनियमनाच्या प्रसाराची जबाबदारी सरकारने घ्यावी असा ठराव मुंबई विधानसभेत आला, त्यामागेही बाबासाहेब होते. तो नामंजूर झाला. पुण्यात त्याच वर्षापासून शकुंतला परांजपे यांनी हे काम हाती घेतले. कर्व्यांपासून परांजपेबाईंपर्यंत सर्वांचा भर एका गोष्टीवर होता: हे ज्ञान बाईच्या हाती असावे, तिच्या सुखासाठी आणि आरोग्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारताने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश मानला जातो. पण जसजशी आकड्यांची चिंता वाढली, तसतसे बाईचे सुख मागे पडले. लाल त्रिकोण आला, १९६८ साली पाच पैशांना निरोध आला, आणि त्यांच्याबरोबर उद्दिष्टे आली. मुंबई महापालिकेने डॉ. डी. एन. पै यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे थाटली. लोक जिथे असतात तिथे सेवा न्यावी, ही त्यातली कल्पना आजही उपयोगाची आहे. तिच्याशेजारी मोबदल्याचा आणि मोजणीचा खेळ होता, तो मात्र पुढे अंगाशी आला.

आणीबाणीत तो पुरता अंगाशी आला. जानेवारी १९७६मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नसबंदीचे शिबिर लागले, तेव्हा बाजाराला आलेल्या माणसांना रस्त्यावरून उचलून नेल्याच्या हकिगती नोंदल्या गेल्या आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या.

या वर्षाचे दोन परिणाम आपण अजून भोगतो आहोत. पहिला, पुरुष या विषयातून उठून गेला तो परतलाच नाही. पुरुष नसबंदी आता बिनटाक्याची झाली आहे. ती स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात तिचे प्रमाण ०.३ टक्के निघाले आणि स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचे ३७.९ टक्के. दुसरा परिणाम, निवडून आलेल्या माणसाने हा विषय तोंडाने काढायचा नाही, हा धडा राजकारणाने घेतला. १९७७ साली 'नियोजन' जाऊन 'कुटुंब कल्याण' हे नाव आले, आणि नगरसेवकाच्या भाषणातून गोष्ट नाहीशी झाली.

कुटुंब लहान झाले, पण कसे?

एखादा वाचक म्हणेल, आता या चर्चेचे काय काम? महाराष्ट्राचा एकूण जननदर त्याच सर्वेक्षणात १.७ निघाला, म्हणजे दर स्त्रीमागे सरासरी दोन मुलेसुद्धा नाहीत. खरे आहे. संख्या कमी करण्याचे काम झाले आहे. पण ते कसे झाले ते पाहावे. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. लग्न, लगेच पहिले मूल, पाठोपाठ दुसरे आणि पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया: ही आपल्याकडची वहिवाट. पहिले मूल केव्हा आणि दोघांत अंतर किती, हे दोन निर्णय बहुतेक बायकांच्या वाट्याला आलेच नाहीत. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर असेल तर आईचे रक्त भरून येते, अंगावरचे दूध पुरते आणि बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका घटतो. म्हणून हे अंतर हाच आजच्या कुटुंब नियोजनाचा गाभा आहे.

साताऱ्याने हे एकदा ओळखले होते. जिल्हा परिषदेने २००७ साली नवविवाहितांसाठी एक योजना काढली. लग्नानंतर दोन वर्षे मूल होऊ दिले नाही तर ५,००० रुपये, तीन वर्षे थांबले तर ७,५०० रुपये. 'हनिमून पॅकेज' या नावाने ती गाजली, परदेशी वर्तमानपत्रांतही झळकली, आणि पहिल्या तीनेक वर्षांत दोन हजारांवर जोडप्यांनी नावे नोंदवली. नावावरून विनोद खूप झाले. पण शस्त्रक्रियेऐवजी लांबवण्याला बक्षीस देणारी ती योजना काळाच्या पुढे होती. तिची मर्यादा दुहेरी होती. एक, ती जिल्हा परिषदेची होती, आणि जिल्हा परिषदेची हद्द पालिकेच्या वेशीवर संपते. दोन, बक्षीस संपले की सवय उरते का, याचे उत्तर बक्षिसात नसते. त्यासाठी तांबी, गोळी आणि निरोध बाराही महिने हाताशी असावे लागतात.

लहान कुटुंबाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय या दोन जिल्ह्यांची गोष्ट पुरी होत नाही. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या. ऊस, द्राक्षे आणि हळदीच्या बाजारपेठेने संपन्न झालेला हा जिल्हा. दोनच मुले हवीत आणि त्यांतला एक मुलगाच हवा, या दोन इच्छांच्या मध्ये सोनोग्राफीचे यंत्र येऊन बसले होते. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात 'नकुसा' असे नाव ठेवलेल्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. मार्च २०१७मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर ते प्रकरण उजेडात आले.

म्हणून या भागात केवळ 'छोटे कुटुंब, सुखी कुटुंब' सांगणाऱ्या मोहिमेची मला भीती वाटते. संख्येवर जोर दिला की मुलीचा जीव धोक्यात येतो. अंतरावर, बाईच्या तब्येतीवर आणि तिच्या पसंतीवर जोर दिला की तीच सेवा वेगळी होते. कायद्यानेही संख्येचाच धडा दिला आहे. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरे मूल झाले तर महाराष्ट्रात नगरसेवक किंवा ग्रामपंचायत सदस्य होता येत नाही. नगरसेविकेच्या घरातली मुले कायदा मोजतो. तिच्या प्रभागात तांबी कुठे बसवून मिळते, हे तिला कोणी विचारत नाही.

शेवटची पायरी

शहरातली ती न बांधलेली पायरी बांधायची सुरुवात झाली २०१३ साली, राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आले तेव्हा. त्याचे निकष सोपे आहेत. साधारण ५०,००० लोकवस्तीला एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. गरीब वस्त्यांत २०० ते ५०० घरांमागे एक आशा. ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती. हिशेब करून पाहू. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे दहा केंद्रे. सातारा शहर तेव्हा सव्वा लाखाच्या आत होते, म्हणजे दोन-तीन. २०२०मध्ये शाहूपुरी, शाहूनगरसारखा परिसर पालिकेत आल्यावर तो हिशेबही वाढला. आवाक्याबाहेरचे यात काही नाही.

केंद्राची इमारत झाली म्हणजे सेवा सुरू झाली असे मात्र होत नाही. मिरजेतल्या एका आशाताईंबरोबर मी एक सकाळ वस्तीत फिरले. त्यांच्या पिशवीत गोळ्या होत्या, निरोध होते. त्या म्हणाल्या, "ताई, बायका नको म्हणत न्हाईत. पण तांबीला पाठवली आणि तिथं त्या दिवशी बसवणारी बाई रजेवर असली, की परत ती येत न्हाई. अर्ध्या दिवसाची हजेरी बुडवून आलेली असते." कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रोजावर जाणाऱ्या बाईसाठी ही फेरी फुकट जाणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

यावरचा उपाय साधा आहे आणि अनेक शहरांत तो अजमावला गेला आहे: ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. आठवड्यातल्या अमुक वारी, अमुक वेळेत, या केंद्रात तांबी बसवणारी प्रशिक्षित परिचारिका असणारच, आणि सर्व साधने शिल्लक असणारच. मग आशाताईंना "कधीतरी ये" असे सांगावे लागत नाही. या एका गोष्टीसाठी मागचे बरेच काही जुळावे लागते. साठ्याची नोंद वेळेवर वर गेली पाहिजे, परिचारिकेच्या रजेला बदली हवी, पडद्याआड बोलायला जागा हवी आणि त्या दिवशी तिच्यावर दुसऱ्या मोहिमेचे काम टाकलेले नसावे.

साधनेही आता एकाच साच्याची राहिलेली नाहीत. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, रोज एक. 'छाया' ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. २०१७पासून सरकारी केंद्रांत आलेले 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. तांबी पाच किंवा दहा वर्षांची, आणि बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. यांतले कोणाला काय, हे तिच्या तब्येतीवर आणि घरावर ठरते. साताऱ्याचे अनेक पुरुष फौजेत आहेत, मुंबईला माथाडी कामात आहेत; ते जत्रेला आणि दिवाळीला घरी येतात. अशा बाईला रोजची गोळी देऊन काय उपयोग? आणि जिच्या सासूबाई कपाटातले पाकीट शोधतात तिला इंजेक्शन सोयीचे. समुपदेशन हा शब्द जड आहे. त्याचा अर्थ एवढाच की आधी तिचे घर ऐकायचे आणि मग साधन सांगायचे. दुष्परिणामही तेव्हाच सांगायचे. 'अंतरा'ने पाळी अनियमित होते हे आधी कळले तर बाई घाबरून सोडून देत नाही.

शिबिरांच्या घाईत हे ऐकणे कधीच शक्य नव्हते. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि डझनावर स्त्रिया दगावल्या. सप्टेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत शिबिरपद्धत बंद करण्यास सांगितले. शिबिराला पर्याय म्हणजे रोजची, न गाजणारी सेवा.

टिकणे म्हणजे काय?

सेवाभावी संस्था येतात, प्रशिक्षण देतात, तक्ते लावतात. दोन-तीन वर्षे आकडे वाढतात, मग प्रकल्प संपतो. नंतर काय उरले यावरून काम टिकाऊ होते की नाही ते कळते. सांगलीतच याचे एक उदाहरण आहे, जरी ते कुटुंब नियोजनाचे नाही. 'संग्राम' या संस्थेने १९९२पासून एचआयव्हीच्या काळात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले, तेव्हा निरोध वाटण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्याला न देता त्या स्त्रियांनीच आपापसांत केले. त्यातून १९९६ साली त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. ज्यांना सेवा हवी त्याच ती चालवतात आणि बिघडली तर भांडतात, म्हणून ती टिकते.

पालिकेच्या बाबतीत हेच दोन ठिकाणी करता येईल. एक, महिला आरोग्य समितीला खरोखर विचारायचे: केंद्राचा ठरलेला दिवस पाळला गेला का, साठा होता का, अपमान झाला का? दोन, पालिकेच्या महिला व बालकल्याण समितीत हे उत्तर वाचले जावे आणि अंदाजपत्रकात या कामाची स्वतंत्र ओळ असावी, मग ती रक्कम छोटी का असेना. मधली काही वर्षे राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते; अशा वेळी एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने सुरू केलेले काम त्याच्या बदलीबरोबर जाते. अंदाजपत्रकातली ओळ तेवढ्या सहज जात नाही. पालिकांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आणीबाणीची भीती त्यांना वारशाने मिळालेली नाही, आणि पाळणा लांबवणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही.

माझ्या मुलीला गेल्या वर्षी मुलगा झाला. ती शहरातच राहते. परवा तिने फोनवर सहज सांगितले की केंद्रातल्या आशाताई येऊन गेल्या, बुधवारी या म्हणाल्या. मी विचारले, "मग गेलीस का?" ती म्हणाली, "गेले होते. त्या दिवशी सिस्टरांना लसीकरणाच्या ड्यूटीवर पाठवलं होतं. पुढच्या बुधवारी बोलावलंय."

दारात आशाताई येईपर्यंत तीस वर्षे गेली. तो पुढचा बुधवार चुकू नये, एवढेच आता पालिकेकडे मागायचे आहे.